उलट्या पिळाची लेक

गोष्ट जुनी आहे. किती जुनी म्हणाल, तर तुमच्या पणजीची पणजी पाळण्यात होती तेव्हाही लोक हिला जुनी गोष्टच म्हणत. एक डोंगरी राज्य होतं. वर उंच गड, पायथ्याला गाव, आणि गावाच्या टोकाला दोर वळणाऱ्या एका बाईचं घर. नवरा लवकर वारला होता. पदरात एकच लेक.

बाईचा दोर म्हणजे दोर! अंबाडीच्या सालीचा वाख ती असा काही वळायची की हत्ती बांधा, नाव बांधा, विहिरीत मोट सोडा, दोर हूं की चूं करायचा नाही. आधी तीन पेड वेगवेगळे वळायचे आणि मग तिन्ही मिळून एक दोर करायचा, ही तिच्या आजीपासूनची रीत. तिन्ही पेडांचा पीळ उजवा. म्हणून गाव तिला 'उजवी' म्हणे, आणि बाईला ते नाव इतकं आवडे की आपलं खरं नाव ती स्वतःच विसरून गेली होती. मग मी तरी कशाला आठवू?

लेक सात वर्षांची झाली तशी उजवीने तिला कामाला बसवलं. कुठे बसवलं? आपल्या अगदी समोर. म्हणाली, "डोळ्यांपुढे बस. म्हणजे चुकलीस की लगेच दिसेल."

पोर गुणी होती. आईच्या हाताकडे टक लावून बघायची आणि मांडीवर वाख ठेवून तळवा फिरवायची. पण कुठे काय बिनसे देव जाणे, तिचा पेड दर वेळी डावा व्हायचा.

"अगं, उलटा पीळ! किती वेळा सांगू?"

"मी तर तू करतेस तस्संच करते, आई."

"वर तोंड करून बोलतेस?" आणि पाठीत एक धपाटा.

रोजचं हे असंच चाले. पालथ्या घड्यावर पाणी, असं उजवी शेजारणींना सांगे. शेजारणींनी गावाला सांगितलं, आणि गावाने लेकीचंही नाव ठेवलं, 'डावी'. नावं ठेवायला लोकांचं काय जातं? पोर वरवर हसायची. एकदा मात्र ती आईला म्हणाली, "आई, तू तरी मला डावी म्हणू नकोस गं."

"उजवा पीळ वळून दाखव," आई म्हणाली, "त्या दिवसापासून नाही म्हणणार."

पुन्हा लेकीने ते कधी मागितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय बाई आहे ही! पण उजवी काही कैकेयी नव्हती हो. लेकीला ताप आला तर तीन तीन दिवस उशाशी बसायची. लेकीच्या भाकरीवर लोणी, आपली कोरडी. माया भरपूर होती, फक्त ती मायेला शिस्तीच्या फडताळात बंद करून ठेवायची, आणि किल्ली कुठे ठेवली ते तिलाच आठवत नसे.

लेक वीस वर्षांची झाली. पीळ डावा तो डावाच. तिचे दोर तसे मजबूत होते, कारण त्यांत तिन्ही पेड डावे असत आणि एकमेकांना घट्ट धरून राहत. पण आई ते गुरांची दावी म्हणून विकून टाकी.

अशात दसरा आला. गडावर चाळीस घागरी तूप चढवायचं होतं. एवढं ओझं गडाच्या कड्यावरून मोठ्या टोपल्यात घालून ओढून घेत. त्यासाठी उजवीला नवा दोर वळायला सांगितला होता, ऐंशी हात लांब. काम मोठं आणि दिवस थोडे. राजाचे गडी दोर न्यायला दारात येऊन उभे राहिले, तेव्हा दोनच पेड तयार होते. "आवरा बाई, आवरा!" गडी म्हणाले. उजवीची उडाली धांदल. खुंटीवर लेकीने वळलेला एक लांबलचक पेड टांगला होता. उजवीने तो ओढून काढला, आपल्या दोन पेडांबरोबर घातला, आणि भराभर दोर करून गड्यांच्या हवाली केला. लेक तिथेच बसली होती. ती काही बोलली नाही.

दोर वळणाऱ्याच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल, उजव्या पिळात डावा पीळ घालू नये. ते एकमेकांना धरत नाहीत. ओझं आलं की सुटतात.

तसंच झालं. टोपलं अर्ध्या कड्यावर गेलं आणि वेणी सुटावी तसा दोर सुटला. चाळीसच्या चाळीस घागरी खाली! गावच्या कुत्र्यांनी तीन दिवस नुसती दिवाळी केली. पण हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. खाली एक हमाल उभा होता. टोपल्याखाली त्याचं पाऊल चेचलं, आणि तो जन्माचा लंगडा झाला.

राजाने दरबारात दोर मागवला. "दोन पेड उजवे आणि एक डावा," राजा म्हणाला. "हा डावा कोणाचा?"

खरं तर तेव्हा उजवीने म्हणायला हवं होतं, की वळला तिने आणि जोडला मी. पण सगळा दरबार बघत होता. आजीपासूनचं नाव पणाला लागलं होतं. माणूस अशा वेळी उचलतं जीभ आणि लावतं टाळ्याला.

"महाराज, हा हात माझा नाही," उजवी म्हणाली. "हा माझ्या लेकीचा हात."

लेकीने एकदाच आईकडे पाहिलं. राजाने विचारलं, "पोरी, पेड तुझा?"

"माझा."

"दोन वर्षं बंदिशाळा."

उजवी घरी आली. चुकली, भोगेल, शिकेल, असं ती मनाशी घोकत राहिली. पण सकाळी हात आपोआप दोघींच्या भाकऱ्या थापत. दुपारी कोणी हाक मारली की ती आधी समोरच्या रिकाम्या जागेकडे बघे. आणि दरबारातली लेकीची ती नजर काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

असे चार महिने गेले. एके दिवशी चावडीवरून जाताना पाटलाने तिला हटकलं. "काय उजवीबाई, तुझी डावी सुटून आली की तिला गावात घ्यायची नाही, असं ठरवतोय आम्ही. डाव्या हाताचं माणूस घरात नको नि गावातही नको."

उजवीच्या हातात भिजवलेला दोर होता. पुढे काय झालं ते पाटलालाही नीट सांगता आलं नाही. पाठीवर उठलेले सात वळ मात्र सगळ्या गावाने मोजले. आपल्या लेकराला आपण बोलावं, हवं तेवढं बोलावं. दुसऱ्याने बोललेलं कोणत्या आईला खपतं?

पाटील म्हणजे राजाचा माणूस. राजाने उजवीला विचारलं, "का मारलंस?" आता कोणत्या तोंडाने सांगणार? ती गप्प राहिली. दीड वर्षाची बंदिशाळा झाली. सुंभ जळेल, पण पीळ जळायचा नाही!

त्या बंदिशाळेत दोर वळायला सक्त मनाई होती. साहजिकच आहे, कैद्यांना दोर वळू दिला तर भिंती कशाला बांधायच्या? तिथे बायका शिंदीच्या पात्यांच्या चटया विणत. आधी चार बोटं रुंदीची पट्टी विणायची, आणि मग पट्ट्या एकमेकींना शिवून चटई करायची. राज्यात जिच्या हाताला तोड नव्हती, ती उजवी इथे आली ती अगदी अडाणी म्हणून.

आणि तिथली रीत काय? नव्या बाईला तिच्या आधी आलेल्या बाईने शिकवायचं. शिकणारीची चटई बिघडली तर शिक्षा शिकवणारीला, एका चटईमागे एक दिवस जास्त.

पहारेकरीण उजवीचा दंड धरून तिला आवारात घेऊन आली आणि म्हणाली, "तुझ्या आधी आलेली ती बघ, त्या लिंबाखाली."

लिंबाखाली लेक बसली होती. चार महिन्यांत वाळली होती पोर. आईला बघून तिचे हात थांबले, आणि मग पुन्हा चालू झाले.

"बस," लेक म्हणाली. "समोर बस. म्हणजे चुकलीस की दिसेल."

उजवी निमूट समोर बसली.

पहिले पाच दिवस दोघींत कामापुरतंच बोलणं झालं. पातं घे. खालून घाल. वरून काढ. उजवी सगळा जीव डोळ्यांत आणून लेकीच्या बोटांकडे बघायची आणि तसंच करायची. पण तिची पट्टी दर वेळी उलटी व्हायची. लेकीच्या पट्टीची वीण एका अंगाला उतरे, आईची दुसऱ्या अंगाला. दोन्ही एकत्र शिवल्या की मधेच फुगवटा येई आणि चटई जमिनीला टेकत नसे. पहारेकरीण येऊन चटईवर पाय दाबून बघे आणि लेकीच्या नावावर एक दिवस चढवून निघून जाई.

अकरा चटया बिघडल्या. अकराव्या दिवशी लेकीचा बांध फुटला.

"बाहेर होतीस तेव्हा मला दोन वर्षं दिलीस," ती म्हणाली. "आता आत येऊन रोज एकेक दिवस देते आहेस. इथे तरी मला सुखाने राहू दे ना!"

उजवीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. आपल्या हातांनी आपल्याच लेकराचे दिवस वाढताहेत, आणि हातांना कसं थांबवावं ते कळत नाही, याहून वाईट आईला काय असतं? त्या दिवशी ती जेवली नाही.

पहारेकरीण बाई तोंडाची फटकळ होती, पण मनाची वाईट नव्हती. उजवीची भाकरी तशीच पडलेली बघून ती लेकीला म्हणाली, "तुझ्या आईने पाटलाच्या पाठीवर सात वळ का उठवले, ठाऊक आहे का तुला?"

"दोर वाईट म्हणाला असेल. आणखी कशाने तिला राग येतो?"

"दोराला नाही काही. तुला डाव्या हाताची म्हणाला. गावात घेणार नाही म्हणाला. तिला घेऊन आलेला शिपाई सांगत होता."

लेकीने हातातली पट्टी खाली ठेवली. मग भाकरी उचलून आईजवळ गेली.

"पाटलाला का मारलंस?"

उजवीने मान फिरवली. "माशी बसली होती त्याच्या पाठीवर."

"सात माश्या?"

"मोठ्या होत्या."

लेकीच्या ओठांच्या कडा हलल्या. हसू दाबायला तिने भाकरीचा तुकडा मोडून आईपुढे धरला. "खा गुपचूप. उपाशी राहिलीस तर आणखी बिघडवशील."

उजवीने तुकडा घेतला. भाकरी शिळी होती, कोरडी होती. पण खरं सांगते, इतकी गोड भाकरी तिने जन्मात खाल्ली नव्हती.

बाराव्या दिवशी लेकीने अगदी धीराने शिकवलं. एकेक पातं हळूहळू दाखवलं. उजवीनेही श्वास रोखून पाहिलं. आणि पट्टी पुन्हा उलटी!

"आई, उलटी! अगं, किती वेळा सांगू?"

"मी तर तू करतेस तस्संच करते!" उजवी कळवळून म्हणाली.

म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं. लेकीलाही ऐकू आलं. दोघींचे हात जागच्या जागी थांबले.

"थांब," उजवी म्हणाली. "ते पातं पुन्हा वळव बरं. हळू."

लेकीने पातं आपल्या उजव्या बाजूला वळवलं. समोर बसलेल्या आईला ते आपल्या डाव्या बाजूला जाताना दिसलं. उजवी उठली. गुडघे धरत धरत लेकीच्या मागून आली आणि तिच्या शेजारी खांद्याला खांदा लावून बसली.

"आता वळव."

लेकीने पातं वळवलं. ते उजव्या बाजूला गेलं. आईलाही उजव्या बाजूलाच जाताना दिसलं. उजवीने आपलं पातं घेतलं आणि वळवलं. एक पातं, दुसरं, तिसरं. पट्टी हुबेहूब लेकीच्या पट्टीसारखी झाली!

कोणी दुसरी असती तर टाळ्या पिटल्या असत्या. उजवीने आपला तळवा मांडीवर ठेवला आणि वाख वळतात तसा तो पुढे सारला. "मी हा असा पुढे सारायची," ती पुटपुटली. "तू समोर होतीस. तुला तो तुझ्याकडे येताना दिसायचा. म्हणून तू तुझा तळवा तुझ्याकडे ओढायचीस." तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "अगं माझे बाई! मी करते तस्संच तू करत होतीस. तेरा वर्षं तू खरं सांगत होतीस, आणि मी धपाटे घालत होते. तुझा हात डावा नव्हता. माझी बसवण्याची जागा चुकली होती."

लेकीने आईच्या कुशीत तोंड खुपसलं आणि ती सात वर्षांच्या पोरीसारखी हमसून हमसून रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जिथे जिथे धपाटे बसले होते तिथे तिथे. पहारेकरीण आली, दोघींना बघून पदराने नाक पुसलं, आणि त्या दिवशी चटई न तपासताच परत गेली.

तुम्हाला वाटेल, झालं, संपली गोष्ट. कुशीत रडलं की सगळं मिटतं, असं असतं तर काय हवं होतं! घरात केलेली चूक घरात पुसता येते. चार लोकांत बोललेला शब्द चार लोकांतच परत घ्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी उजवी पहारेकरणीला म्हणाली, "मला दरबारात न्या. तो दोर मी जोडला. लेकीची शिक्षा माझ्यावर घ्या आणि तिला सोडा."

"शुद्धीवर आहेस ना? तिची उरलेली सगळी शिक्षा तुझ्या दीड वर्षावर चढेल."

"चढू दे."

हे ऐकून लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "नको आई, जाऊ नकोस. मला कळलं ना? तेवढं पुरे मला."

"तुला कळलं गं. गावाला कुठे कळलंय? बाहेर गेलीस की लोक तुला हमालाचं पाऊल चेचणारी डावीच म्हणणार."

"म्हणू देत. पण दरबारात नको."

उजवीला वाटलं, लेकीला आपली काळजी वाटते आहे. तिने काही ऐकलं नाही. ऐकणारी असती तर तिला उजवी कोण म्हणालं असतं?

दोघींना दरबारात उभं केलं. सगळा दरबार पुन्हा बघत होता. उजवीने हात जोडले.

"महाराज, मागच्या वेळी याच जागेवर मी अर्धं खरं बोलले. पेड लेकीने वळला, पण उजव्यात डावा मी घातला. घाईत होते, न बघता घातला. आणि तिचा पीळ डावा का झाला, त्यालाही कारण मीच आहे." तिने समोर बसवण्याची आणि बिघडलेल्या चटयांची सगळी हकिगत सांगितली.

राजाला ती पटेना. "समोरून बघितलं की उलटं शिकतं माणूस? प्रधानजी, बसा माझ्यासमोर. मी पागोटं बांधतो, तुम्ही तसंच बांधा."

राजाने बांधलं. प्रधानजींनी अगदी नीट बघून बांधलं. आणि राजाच्या पागोट्याचा शेमला उजव्या खांद्यावर, तर प्रधानजींचा डाव्या! सगळा दरबार खो खो हसला. प्रधानजी मात्र चेहरा पाडून म्हणाले, "महाराज, मी तर तुम्ही केलंत तस्संच केलं."

राजाने हसू आवरलं. "बाई, तुझं म्हणणं खरं आहे. पोरी, तुझ्याकडे दोष नाही. तू मोकळी. तुझी शिक्षा तुझी आई भोगेल."

उजवीचा जीव भांड्यात पडला. तिने लेकीकडे पाहिलं. लेक मात्र जागची हलली नव्हती.

"महाराज," लेक म्हणाली, "मी मोकळी नाही."

"म्हणजे?"

"आईने खुंटीवरून माझा पेड काढला तेव्हा मी तिथेच बसले होते. तिने पाहिलं नाही, पण मी पाहिलं. दोर सुटणार हे मला ठाऊक होतं. 'आई, तो माझा' एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं." तिने आईकडे पाहिलं. "पण माझ्या मनात आलं, सुटू दे. एकदा तरी उजवीचा दोर सुटू दे. खाली माणूस उभा असेल हा विचारच केला नाही मी."

उजवीच्या काळजात चर्र झालं. पोरगी मुद्दाम गप्प बसली! म्हणून दरबारात यायला नको म्हणत होती! घटकाभर जुना राग फणा काढून उठला. मग तिने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सुटका हातात आली असताना ही पोरगी ती टाकून देत होती. इतकं खरं बोलायला आपल्याला चार महिने आणि बारा चटया लागल्या होत्या.

उजवी जाऊन लेकीच्या शेजारी उभी राहिली.

"महाराज, ती गप्प बसली, कारण तोंड उघडलं की धपाटा बसतो हे मीच तिला शिकवलं. दोष माझा."

"नाही महाराज! धपाट्याचं काही नाही. राग माझा होता. दोष माझा."

"तू गप्प बस गं!"

"गप्प बसले तेवढं पुरे झालं, आई!"

राजाने हात वर केला. "मागच्या वेळी दोघींनी आपापला दोष झाकला होता. आज एक दोष दोघींना हवा आहे. मग तो वाटूनच घ्या. खरं बोललात म्हणून दोघींची उरलेली शिक्षा निम्मी. आणि चटयांचे वाढलेले दिवस माफ, ती रीतच चुकीची आहे. पण सुटल्यावर त्या हमालाच्या घरी जायचं, त्याचे पाय धरायचे, आणि तीन वर्षं त्याच्या घरचं पाणी दोघींनी भरायचं. तुमचं एकमेकींशी मिटलं म्हणून त्याचं पाऊल बरं होत नाही."

"भरू, महाराज," दोघी एकदमच म्हणाल्या.

पुढे त्यांनी ते भरलं. हमालाने पहिले सहा महिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ते बरोबरच होतं. पण घागरी एक दिवस चुकल्या नाहीत. गावात मग दोन तऱ्हेचे दोर विकले जाऊ लागले, एक उजव्या पिळाचा आणि एक डाव्या, दोन्ही एकाच भावाने. पाटलाने दावी डाव्या पिळाचीच घेतली, का ते त्याची पाठ जाणे.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी काय झालं ते सांगायचं राहिलंच. दरबारातून दोघींना परत बंदिशाळेकडे नेलं. वाटेत उजवी काहीतरी म्हणाली, लेक काहीतरी म्हणाली, आणि दोघी खुदुखुदू हसायला लागल्या. दार उघडताना पहारेकरणीने कपाळावर हात मारला.

"अगं बायांनो, तुरुंगात चाललाय तुम्ही! सासरी निघालेल्या नव्या नवरीलाही इतका आनंद होत नाही."

लेकीने आईचा हात घट्ट धरला आणि उंबरठा ओलांडला.

"सासरी कसली," ती म्हणाली, "माहेरी चालले मी."

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: लेकराची चूक समोरून दिसते, पण आपली चूक दिसायला त्याच्या शेजारी जाऊन बसावं लागतं.